रावसाच्या तोंडातली गोजरा

जयमालाताई, तो पंखा जरा बारीक करा आन् समोर बसा. पंप चालू करून आलोय, टाकी भरायला वेळ हाय. तवर तुमाला आमच्या दिवाळे गावच्या कमळाकरची गोष्ट सांगतो. अशी गोष्ट तुमी टीव्हीवर पन बघितली नसंल! फक्त मधीच कुकर बघायला उठायचं नाय.

तर हा कमळाकर. होडी हाय, जाळी हाय, मिशी हाय. पन सगळ्यात मोठं काय असंल तर तोंड! त्यात बर्फाचा विषय निघाला की बघायलाच नको. "आप्पा," मला बोलायचा, "मी बर्फात ठेवलेलं पापलेट तिसऱ्या दिवशी पन डोला मारतं! बर्फातली अक्कल अख्ख्या खाडीत एकालाच दिलीय देवानं."

आन् त्याची बायको गोजरा. बेलापूरच्या मार्केटात बसते मासली घेऊन. तिनं "या ताई!" म्हनून हाक मारली की पनवेलची बस थांबायची! अर्धा भाव करायला आलेलं गिऱ्हाईक पुरा भाव देऊन, वर 'चुकलं बाय' बोलून जायचं. घरात तर काय, पहाटे कोंबडा आरवायच्या आधी कमळाकरला शिवी पडायची. कोंबडा त्यावर उठायचा!

तर त्या गोजराच्या गळ्याला गाठ आली. आधी सुपारीएवढी, मंग लिंबाएवढी. डॉक्टर बोलले, गळ्यात फुलपाखरासारखी एक ग्रंथी असते, थायरॉइड. तिच्या एका पंखात गाठ हाय. तो पंख काढला. एकवीरा आईची कृपा, गाठ साधी निघाली. सगळ्या गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. पन डॉक्टर बोलले, "थांबा, आता उरलेला पंख एकट्यानं काम ओढतोय की नाही ते रक्त तपासून बघत राहायचं." पयल्या येळी तपासलं तर आकडा काठावर. "परत बघू," बोलले.

आन् मंग गोजराला काय झालं कुनास ठाऊक! मे महिना. मानसं ओला टॉवेल अंगावर घेऊन बसलीत, आन् ही गोधडी घेऊन! बसल्या जागी झोपायची. मार्केटात कोयता हातात, डोले मिटलेले. गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागायचं, ही बोलायची, "घ्या." गिऱ्हाईकच घाबरून विचारायचं, "का गो, शिळी हाय काय?" सासूनं टोमना मारला तर ही, "व्हय आये, तुमचं बराबर हाय." सासू राजाबाई, जिला उभ्या जन्मात कुनी बराबर हाय बोललं नव्हतं, ती तर देवाला नारळ बोलली!

कमळाकर माझ्याकडं आला, तोंड सुकलेल्या बोंबलासारखं. "आप्पा, घर खायला उठतं रे. किती दिवस झाले, मला कुनी शिवी दिली नाय."

मी बोललो, "लेका, लोकं यासाठी नवस करतात!"

"हसू नको. घरात भांडान नाय म्हंजे घरात मानूस नाय."

खरंच डोले भरले होते त्याचे.

डॉक्टरनं त्याला बराबर समजावलं होतं. "हे बघा कमळाकर, डोक्यात एक मुकादम बसलेला असतो आणि गळ्यातली ग्रंथी म्हणजे कामगार. कामगार ढिला पडला की मुकादम ओरडतो. किती ओरडतोय, त्याचा आकडा रक्तात सापडतो. आकडा वाढला की समजायचं, कामगार झोपलाय. मग आपण बाहेरून गोळी देऊन मदत करायची. पण आकडा बघितल्याशिवाय गोळी किती ते मी सांगणार नाही."

आता घोळ काय, तर मुंबईच्या लॅबचा मानूस बेलापूरच्या त्या दवाखान्यात यायचा फक्त बुधवारी. रिपोर्ट शनिवारी. आन् शनिवारी संध्याकाळी डॉक्टर चालले गावाला, लेकीच्या बाळंतपनाला, ते पार महिन्यानं येनार! म्हंजे हा बुधवार गेला की गोजरा महिनाभर गोधडीतच.

मंगळवारी संध्याकाळी कमळाकर तिला दवाखान्यात घेऊन गेला. बुधवारी सकाळी का नाय? अहो, सकाळी तिला उठवायचं म्हंजे भरलेली होडी एकट्यानं रेतीवर ओढायची! तिथं मिस्बाह म्हनून दवाखान्यात रगत काढनारी पोरगी होती, हुशार. पन गोजराची शीर सापडंल तर शपथ! पयल्या येळी दोन्ही हात वांग्यासारखे काळेनिळे झाले होते. या येळी पन इकडं टोच, तिकडं टोच. शेवटी मिळालं एकदाचं. पोरीनं ते मशीनमधी गरगर फिरवलं, वरचं पिवळं पानी एका बारक्या बाटलीत घेतलं, रबराचं बूच लावलं, नावाची चिठ्ठी चिकटवली, आन् फ्रिज उघडला.

"या अल्ला! फ्रिज बंद पडलाय! काका, हे सकाळपर्यंत थंड राहायला पाहिजे हो. उद्या सकाळीच या, नवीन रक्त घेऊ."

गोजरा महिन्यात पयल्यांदा मोठ्यानं बोलली. "परत सुई? नाय! मेले तरी नाय!"

आन् इथं, जयमालाताई, आमच्या कमळाकरनं मिशीवरून हात फिरवला.

"अगो पोरी, थंडच ठेवायचंय ना? तू दिवाळ्याच्या मानसाला थंड ठेवायला शिकवतंस? आन ती बाटली हिकडं!"

"काका, पण बर्फावर सरळ नका ठेवू. फुटेल."

"बर्फ मला इचारून इतळतो!"

"आणि दहाच्या आत आणा. लॅबचा माणूस थांबत नाही."

"नवाला आनतो! चहा टाकून ठेव!"

घरी आला. मागल्या पडवीत थर्माकोलचा मोठा खोका, दुसऱ्या दिवशीची मासली बर्फात रचून ठेवलेली. पन बाटली ठेवायची कुठं? बर्फाच्या खड्यात काच फुटंल. बाजूला ठेवली तर थंडी नाय लागनार. हा डोकं खाजवतोय, आन् समोर एक भला मोठा रावस पडलाय, आ वासून. जसा काय बोलतोय, "ये रे, जागा हाय!"

कमळाकरला स्वतःच्या अकलेचं येवढं कौतुक वाटलं की इचारू नका. बाटलीला प्लास्टिक गुंडाळलं आन् दिली रावसाच्या तोंडात सारून! वर परत बर्फ. सांगितलं कुनाला? कुनालाच नाय! "बायकांना सांगितलं की दहा सल्ले येतात," हे त्याचं म्हननं.

सकाळी भरतीला होडी वर घ्यायची होती, म्हनून हा जेट्टीवर गेला. परत येऊन पडवीत बघतो तर खोका गायब!

"गोजरा! खोका कुठाय?"

गोधडीतून आवाज आला, "आये घेऊन गेली मार्केटात. मना उठवत नव्हतं."

कमळाकर असा पळाला की पायातली एक चप्पल दारातच ऱ्हायली! मार्केटात राजाबाई पाटावर बसलेली, समोर खोका. यानं दोन्ही हात बर्फात घातले. बोंबील उडाले, कोलंबी उडाली, शेजारच्या बायच्या पदरात एक मांदेली जाऊन बसली.

"आये, रावस कुठाय?"

"इकला."

"इकला?"

"मंग काय पूजा करू त्याची? आख्खा गेला, डोक्यासकट! तुज्या बायकोनं महिन्यात इकला नसता असा इकला!"

कमळाकरनं दोन्ही हात डोक्याला लावले आन् भर मार्केटात बोंबलला, "आये, त्यात गोजरा होती गो!"

झालं! बाजूच्या बायकांचे कोयते हातातच ऱ्हायले. एक बोलली, "काय होतं?" दुसरी बोलली, "गोजरा. रावसात." तिसरी बोलली, "बायकोच्या आजारपनानं गेला गो डोक्यानं!" आन् चौथी, तिला नीट ऐकायची सवयच नाय, ती पाटी तिथंच टाकून दिवाळ्याच्या रस्त्याला लागली. "गोजरा गेली गो! गोजरा गेली!"

हिकडं कमळाकर आयेला समजावतोय. "गोजरा म्हंजे तिचं रगत! बाटलीत! रावसाच्या तोंडात मी ठेवलेली! कुनी नेला रावस?"

"त्या डोक्यावालीनं."

"कंची डोक्यावाली? सगळ्यांनाच डोकं असतं आये, मला सोडून!"

आता आमच्या राजाबाईची रीत बघा. गिऱ्हाईकाचं नाव तिला म्हाईत नसतं, पत्ता म्हाईत नसतो. ती बाई कंची मासली खाते तेवढं म्हाईत! एक 'गाभोळीवाली', एक 'जाड तुकडेवाली', एक 'वास घेऊन परत ठेवनारी'. तशी ही आख्खा मासा डोक्यासकट घेनारी. नफिसा तिचं नाव, मूळची रायगडाकडची, आता नेरुळच्या बिल्डिंगीत. एकदा घरी कोलंबी पोचवली होती राजाबाईनं.

"बिल्डिंग कंची?"

"पिवळी."

"आये, सिडकोच्या सगळ्याच पिवळ्या हायेत!"

"मी येते ना तुज्यासंगट. पन एक सांगून ठेवते कमळ्या, इकलेला मासा मी परत घेनार नाय! आजवर घेतला नाय!"

रिक्षात बसली दोघं. सगळ्या रस्त्यानं कमळाकर बोलतोय, "गोजरा, गोजरा, गोजरा." आये बोलतेय, "परत घेनार नाय, घेनार नाय, घेनार नाय." रिक्षावाला आरशातून बघतोय की ही दोघं पैसे देतील का मधीच उडी मारतील!

नेरुळला उतरून बघतात तर काय, एका साच्यातून काढलेल्या इडल्यांसारख्या बिल्डिंगी! तोच जिना, तीच खिडकी, तीच वाळत घातलेली चड्डी! राजाबाईनं पदर खोचला, नाक वर केलं आन् एका जिन्यात शिरली. "इथं बांगडा तळतायत. पुढं चल." दुसऱ्या जिन्यात, "इथं नुसती डाळ. बिचारी मानसं." तिसऱ्या जिन्यात एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, "कोण पाहिजे?" राजाबाई बोलली, "रावस!" त्यांनी दार लावून घेतलं. आतून कडी पन घातली!

चौथ्या जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर राजाबाई थांबली. "हाय! इथंच हाय! आपलाच हाय!"

कमळाकरनं दार बडवलं. नफिसा आली, हाताला हळद, डोक्यावर दुपट्टा. घरात पाहुन्यांची गडबड, लेकीला बघायला मुलाकडची मंडळी यायची होती दुपारी.

राजाबाईनं सुरुवातच केली, "बाय, मासा परत घेनार नाय!"

नफिसा घाबरली. "अगो राजाबाई, परत कोन देतंय? काय झालं मासळीला? खराब होती काय? माझे पाहुने येतायत गो!"

"रावसाचं डोकं कुठाय?" कमळाकर.

"डोकं? सालनात!"

"शिजवलं?!" कमळाकर दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "शिजवली! माझी गोजरा शिजवली!"

"कोन शिजवली? या अल्ला, हा काय बोलतो? मी रावस शिजवलाय भाऊ, रावस!"

"त्याच्या तोंडात बाटली होती का? बारकी? पिवळी?"

"अच्छा, ते तेल!" नफिसाचा चेहरा एकदम खुलला. "मिळालं ना! मी ह्यांना बोलले पन, बघा, साबनावर पेन फ्री, चहापत्तीवर बरनी फ्री, आता राजाबाई पन मासळीवर तेल फ्री देते! शार्क माशाचं असंल. चिठ्ठीबिठ्ठी नव्हती, भिजून गेली असंल."

राजाबाई लगेच ताठ झाली. "मंग! आमी गिऱ्हाईक सांभाळतो!"

"आये, तू गप! बाई, कुठाय ते तेल?"

"ह्यांनी घेतलं ना. गुडघे धरलेत ह्यांचे."

कमळाकर आत घुसला. हॉलमधी खुर्चीत नफिसाचा नवरा, नझीरचाचा बसलेले. लुंगी गुडघ्याच्या वर. एका हातात बूच, दुसऱ्या हातात बाटली, आन् बाटली वाकडी होतेय, हळू, हळू, हळू...

"चाचा, थांबा! ती माझी बायको हाय!"

चाचांनी बाटलीकडं बघितलं, गुडघ्याकडं बघितलं, कमळाकरकडं बघितलं, आन् पयली काय गोष्ट केली तर झटकन लुंगी खाली ओढून घेतली! परक्या बाईसमोर गुडघा उघडा!

"तौबा, तौबा! भाई, मला काय माहीत!"

मंग कमळाकरनं गळ्याची गाठ, मुकादम, कामगार, फ्रिज, रावस, सगळं एका दमात सांगितलं. ऐकता ऐकता चाचा उभे ऱ्हायले. बूच लावलं आन् दोन्ही हातांनी, अदबीनं बाटली पुढं केली. "सांभाळून न्या भाभींना."

नफिसाचे डोले पान्यानं भरले. हसून की रडून, तिचं तिलाच म्हाईत. तिनं स्टीलच्या डब्यात फ्रिजमधला बर्फ घातला, त्यात कापड, त्यात बाटली. चाचांनी गाडी काढली. गुडघे विसरून असे जिने उतरले की राजाबाई बोलली, "नुसतं बघून गुन आला तेलाचा!"

दहाला दवाखान्याच्या दारात! लॅबचा मानूस खोका स्कूटरला बांधतोय. कमळाकर डबा डोक्यावर धरून धावला, जसा काय विहिनीचा रुखवत आनलाय. "हे घे पोरी! बघ, थंडगार! बोललो नव्हतो?"

मिस्बाहनं बाटली उजेडाकडं धरली. बघत ऱ्हायली. मंग हळूच बोलली, "काका, ही उघडली होती का?"

"जरा... वास घेतला एका मानसानं."

"चिठ्ठी कुठंय?"

"रावसानं खाल्ली."

"आणि आत हे काय पोहतंय?"

कमळाकरनं डोला लावला. आत एक खवला, चांदीच्या टिकलीसारखा, मजेत फिरतोय.

"काका, हे पाठवलं तर रिपोर्ट गोजराबाईंचा नाही येणार, रावसाचा येईल. नवीन रक्त लागेल."

कमळाकर बाकावर बसला तो बसलाच. नवीन रगत! ती बोललीय मेले तरी नाय. बुधवार गेला. डॉक्टर चालले. लॅबच्या मानसानं स्कूटरला किक मारली.

आन् तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. आतून गोजरा उतरली! अंगावर गोधडी, केस सुटलेले, मागं दोन बायका पदरानं नाक पुसतायत.

"कमळ्या!" आवाज बारीकच होता, पन होता. "मी झोपले होते. डोले उघडते तर चार बाया माझ्या पायाशी रडतायत! एक तर माझ्या हातातल्या पाटल्या बघत होती, किती भरतील म्हनून! मी इचारलं कोन गेलं, तर बोलतात, तूच! मंग मार्केटातनं दुसरी आली, बोलली तुजं रगत रावसासंगट इकलं!"

"गोजरा, माझं ऐक—"

"तू बोलू नको. यांनी मना हलवून बघितलं, तरी मी उठले नाय म्हने. मेलेलं मानूस आन् मी, यात फरकच ऱ्हायला नाय." ती धप्पकन खुर्चीत बसली आन् गोधडीतून हात बाहेर काढला. "घे पोरी. टोच किती टोचायचं ते. ही लोकं नायतर मना खरंच पोचवतील."

नफिसाचे नझीरचाचा बाहेर जाऊन स्कूटरच्या समोर आडवे उभे ऱ्हायले. दुखऱ्या गुडघ्यांवर! लॅबचा मानूस कटकट करत थांबला. हिकडं पोरीनं शीर शोधली, गोजरानं दुसऱ्या हातानं कमळाकरचं मनगट असं आवळलं की सुई तिला लागली आन् ओरडला हा! मशीन फिरलं, बाटली भरली, आन् मिस्बाहनं ती सरळ लॅबवाल्याच्या खोक्यात ठेवली. कमळाकरनं नुसता हात पुढं केला तर तिघं एकदम ओरडले, "तुमी नाय!"

शनिवारी रिपोर्ट आला. डॉक्टर बोलले, "मुकादम गच्चीवर चढून ओरडतोय हो!" गोळी लिहून दिली. रोज सकाळी रिकाम्या पोटी, नुसत्या पान्याबरोबर, चहा मागाहून. आन् डॉक्टर गेले गावाला.

पयले काही दिवस काय फरक नाय. कमळाकर रोज सकाळी तिच्या तोंडाकडं बघत बसायचा, जसा काय भरतीची वाट बघतोय. मंग गोधडी सुटली. मंग मार्केटातली झोप सुटली. आन् एक दिवस हा माझ्याकडं पळत आला, डोल्यांत पानी.

"आप्पा! आज तिनं मला मुडदा बोललं!"

"काय सांगतोस!"

"सगळ्यांसमोर! आयेला पन सोडलं नाय! आये पदरात तोंड घालून हसत होती."

पेढे वाटले हो त्यानं!

तर अशी गोष्ट. हसलात ना? हसा, हसा. आता जरा... टाकी भरंल इतक्यात, पन एक सांगायचं ऱ्हायलं.

काय हाय, डॉक्टर परत आले आन् बोलले, गोळी चालू झाली म्हनून काम संपलं नाय. आकडा परत बघायचा. गोळी कमी पडते का जास्त होते, ते कळल्याशिवाय चालनार नाय. आन् लॅबवाला येतो उद्या सकाळी. उद्या नारळी पुनव! गोजरा बोलली, "पुनवेच्या दिवशी मी दर्याला सोन्याचा नारळ वाहायचा सोडून सुई टोचून घेऊ?" म्हनून तिनं रगत आजच दिलं, आत्ता संध्याकाळी. दवाखान्याचा फ्रिज अजून बंदच, त्यात फाइली ठेवतात. गावात बर्फ नाय, पावसामुळं होड्या बंद हायेत. गावात फ्रिज हायेत, पन सगळ्यांच्या फ्रिजमधी सुकं नायतर ओलं काय ना काय हायेच, आन् गोजरानं कमळाकरची मान धरून सांगितलं, "ज्या घरात मासलीचा काटा शिरत नाय, अशा घरात ठेव!"

आता अशी घरं आमाला किती म्हाईत? मी बोललो, आमच्या सोसायटीच्या जयमालाताई कांदा पन मोजून खातात.

नाय, नाय, उठू नका! ती या पिशवीतच हाय, डब्यात, तीन पिशव्यांत गुंडाळलेली, चिठ्ठीवर चिकटपट्टी मारलीय. देवाच्या नैवेद्याचं एका बाजूला ठेवा, हिला दुसऱ्या बाजूला ठेवा, मी सकाळी पंप चालू करायच्या आधीच घेऊन जातो. तेवढी एक रात्र, ताई, दुधाच्या पिशव्यांच्या मागं, गोजराला जरा जागा देता का?